नावातल्या एका ताऱ्याने रिकामा केलेला फोल्डर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती लिहून काढणाऱ्या एका छोट्या टीमच्या सर्व्हरवर हा प्रकार घडला. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, तांत्रिक क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. मी त्या टीममध्ये नव्हतो. घटनेनंतर कारण शोधायला आणि स्क्रिप्ट दुरुस्त करायला मला बोलावलं गेलं. या लेखात कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. चिन्हं जशीच्या तशी आहेत.

व्यवस्था साधी होती. एक लिनक्स सर्व्हर, त्यावर एक्स्ट४ फाइल सिस्टिम आणि 'आवक' नावाचा फोल्डर. मुलाखती घेणारे लोक एसएफटीपीने (नेटवर्कवरून सुरक्षितपणे फाइली पाठवण्याची सोय) त्यात फाइली चढवत. संपादक त्या ऐकत, साफ करत आणि पक्की प्रत 'संग्रह' या दुसऱ्या डिस्कवर हलवत. आवकमधल्या जुन्या प्रती मग नुसत्या जागा अडवत, म्हणून रोज पहाटे २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) एक साफसफाईची स्क्रिप्ट चाले. तिचा गाभा एवढाच होता:

`सीडी /डेटा/आवक`
`फॉर फाइल इन $(फाइंड . -नेम '*.वेव्ह' -एमटाइम +३०); डू आरएम -एफ $फाइल; डन`

म्हणजे ३० दिवसांपेक्षा जुन्या वेव्ह फाइली फाइंडने शोधायच्या आणि आरएमने एकेक करून काढून टाकायच्या; -एफ म्हणजे काही न विचारता, आणि फाइल सापडली नाही तरी तक्रार न करता. वाचताना ही ओळ निर्दोष वाटते. शेल (टंकलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) नुकतंच शिकलेला माणूस ती अशीच लिहितो आणि अनेक शिकवण्यांमध्येही ती अशीच दाखवली जाते. स्क्रिप्ट कित्येक महिने तक्रारीविना चालली होती.

काय घडलं

एका सकाळी संपादकांनी आवक उघडला, तर वरच्या पातळीवरच्या जवळजवळ सगळ्या फाइली गायब. उपफोल्डर जागच्या जागी होते आणि त्यांतल्या अलीकडच्या फाइलीही. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली शाबूत होत्या. पहाटे २ नंतर चढवलेली एक-दोन मुद्रणंही होती. बाकी ३ दिवसांपूर्वीची असो वा आदल्या संध्याकाळची, वेव्ह असो वा नोंदींची मजकूर-फाइल, सगळं गेलं होतं.

पहिला संशय घुसखोरीचा होता, दुसरा डिस्क बिघडल्याचा. स्क्रिप्टवर कुणाचा संशय गेला नाही, कारण ती फक्त जुन्या वेव्ह फाइली काढते हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिच्यात महिनोन्‌महिने कुणी हात घातला नव्हता. मला मात्र काय गेलं यापेक्षा काय उरलं हे जास्त बोलकं वाटलं. उपफोल्डर उरले, म्हणजे आरएमला -आर हा फोल्डरही काढणारा पर्याय मिळालेला नव्हता. टिंबवाल्या फाइली उरल्या, म्हणजे नावं कुठूनतरी उघड्या ताऱ्यातून (`*` हे वाइल्डकार्ड, म्हणजे 'इथली सगळी नावं') आली होती, कारण शेलचा तारा सुरुवातीचं टिंब आपणहून पकडत नाही. बिघडलेली डिस्क टिंब पाहून फाइल सोडत नाही, आणि घुसखोरालाही तसं करायचं काही कारण नसतं.

पहिल्या दोन तासांतले निर्णय

कारण कळण्याआधीच तीन निर्णय घ्यावे लागले. त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरला.

बॅकअप म्हणून आठवड्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर आरसिंक (फोल्डरची प्रत अद्ययावत ठेवणारा प्रोग्रॅम) चाले, तोही --डिलीट पर्यायासह. मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही काढायचं, असा त्याचा अर्थ. पुढची फेरी त्याच रात्री होती. ती थांबवली नसती तर उरलेली एकमेव प्रतही रिकामी झाली असती. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंनी हे सर्वांत आधी ओळखलं आणि बाकी काहीही करण्यापूर्वी ती नोंद बंद केली. या सगळ्या प्रकरणात सर्वाधिक वाचवलं ते या एका कृतीने.

दुसरा प्रश्न डिस्कचा. काढलेल्या फाइलींची जागा लगेच पुसली जात नाही. ती 'मोकळी' म्हणून नोंदली जाते आणि पुढचं लेखन तिच्यावर येऊ शकतं. म्हणून चढवणी बंद करून फाइल सिस्टिम फक्त-वाचन स्थितीत नेणं योग्य होतं. पण तसं करू पाहताच 'उपकरण व्यग्र आहे' अशी तक्रार आली. ती तक्रार नीट वाचली गेली, हे बरं झालं. लिप्यंतराचा एक प्रोग्रॅम आदल्या संध्याकाळपासून एक मुद्रण उघडून बसला होता. युनिक्समध्ये फाइल काढणं म्हणजे डिरेक्टरीतली तिच्या नावाची नोंद काढणं. एखाद्या प्रक्रियेने ती उघडी धरली असेल तोवर आतला मजकूर जिवंत असतो. `एलएसओएफ +एल१` ही कमांड अशा नाव गेलेल्या पण उघड्या फाइली दाखवते. ती दिसताच `/प्रॉक` मधल्या त्या प्रक्रियेच्या `एफडी` फोल्डरातून मुद्रण दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं, पूर्ण, एकही सेकंद न गमावता. मग प्रोग्रॅम बंद केला आणि फाइल सिस्टिम फक्त-वाचन स्थितीत गेली. घाईत मशीन पुन्हा सुरू केलं असतं तर ते मुद्रण हातातून सुटलं असतं.

तिसरा निर्णय मुलाखती घेणाऱ्यांना निरोप देण्याचा: रेकॉर्डरमधलं कार्ड पुसू नका. हा निरोप दुपारी गेला. तोवर एकाने कार्ड पुसून नव्या कामाला घेतलं होतं.

कारणाचा शोध

क्रॉन आपल्या कामांची छापणी स्थानिक टपालपेटीत टाकतो. ती पेटी कुणी उघडत नव्हतं, आणि तोवर उघडण्यासारखं तिच्यात काही आलंही नव्हतं. त्या पहाटे मात्र एक लांबलचक टपाल आलं होतं: 'आरएम: अमुक काढता येत नाही, ही डिरेक्टरी आहे', एकाखाली एक, आवकमधल्या प्रत्येक उपफोल्डरसाठी. साफसफाईची स्क्रिप्टच दोषी होती, हे इथे पक्कं झालं. पण फक्त वेव्ह फाइली शोधणाऱ्या स्क्रिप्टने उपफोल्डरांची नावं उच्चारावीत तरी का?

टपालात आणखी एक खूण होती. ज्या उपफोल्डरांच्या नावात स्पेस नव्हती त्यांची तक्रार दोनदा आली होती. ज्यांच्या नावात स्पेस होती त्यांची एकदाच. गाठ सुटली ती या फरकामुळे.

एसएफटीपीच्या लॉगमध्ये आदल्या दुपारची एका नावबदलाची नोंद मिळाली. त्या लॉगमध्ये देवनागरी अक्षरांच्या जागी अष्टमान आकड्यांची साखळी दिसत होती, पण नव्या नावाच्या मधोमध एक तारा स्वच्छ वाचता येत होता. संपादकांना विचारलं. त्यांनी जुन्या मुद्रणांतलं एक चांगलं मुद्रण ओळखता यावं म्हणून त्याचं नाव बदललं होतं:

`सत्र १४ * उत्तम.वेव्ह`

ते मॅकवर काम करत होते. विंडोजच्या फाइलनावात तारा चालत नाही, मॅकवर चालतो. लिनक्सचा कर्नल तर नावात फक्त दोन बाइट नाकारतो: तिरपी रेघ आणि शून्य बाइट. स्पेस, तारा, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह, सुरुवातीची आडवी रेघ, एवढंच काय, नवी ओळसुद्धा चालते. संपादकांनी नियमात बसणारंच नाव दिलं होतं. चांगल्या गोष्टीला तारा लावणं यात त्यांची काहीही चूक नाही, हे मी अहवालात स्पष्ट लिहिलं, कारण चर्चा त्या दिशेने घसरायला लागली होती.

आता ती ओळ शेलच्या नजरेने वाचू. फाइंडने शोध अचूक केला. `'*.वेव्ह'` भोवती अवतरणचिन्हं होती, म्हणून तो नमुना शेलने न उलगडता फाइंडपर्यंत जसाच्या तसा पोचला. फाइंडने छापलं: `./सत्र १४ * उत्तम.वेव्ह`. पण `$( )` भोवती डबल कोट नव्हते, आणि अशा ठिकाणी शेल आलेल्या मजकुरावर दोन संस्कार करतं. आधी स्पेस, टॅब आणि नवी ओळ दिसेल तिथे तुकडे पाडतं. मग प्रत्येक तुकड्यात वाइल्डकार्ड आहे का ते बघतं आणि असल्यास जुळणाऱ्या फाइलनावांत तो उलगडतं. इथे तुकडे चार पडले: `./सत्र`, `१४`, `*` आणि `उत्तम.वेव्ह`. तिसरा तुकडा नुसता तारा. त्याच्या जागी आवकमधली सगळी नावं येऊन बसली आणि फॉरच्या यादीत गेली.

पहिली फेरी ही. या फेरीत `आरएम -एफ $फाइल` पुन्हा कोटविना होतं, म्हणून यादीत अखंड आलेल्या नावाचेही आणखी एकदा तुकडे पडत होते. स्पेस असलेली नावं त्यामुळे तूर्त वाचत होती: 'सत्र', '१५', 'भाग' असल्या अस्तित्वात नसलेल्या फाइली काढायचा प्रयत्न होई आणि -एफमुळे तो गुपचूप विरून जाई. पण त्या यादीत आमची तारावाली फाइलही अखंड नावाने होती. तिची पाळी आली तेव्हा तिच्या नावाचे तुकडे पडले, तारा दुसऱ्यांदा उलगडला, आणि यावेळी उलगडलेली नावं थेट आरएमच्या हातात गेली. वाइल्डकार्डमधून निघालेल्या नावांचे शेल पुन्हा तुकडे करत नाही. त्यामुळे स्पेसवाली नावंही आता अखंड पोचली आणि गेली. टपालात साध्या नावाचे फोल्डर दोनदा आणि स्पेसवाले एकदा का दिसले, याचं उत्तर हेच.

मग ही फाइल आजवर तिथे राहिलीच कशी? तिचं आधीचं नाव `सत्र १४.वेव्ह`, ती ३० दिवसांहून कितीतरी जुनी, तरी ती काढली गेली नव्हती. उत्तर तेच: नावात स्पेस. स्पेस असलेली एकही जुनी फाइल या स्क्रिप्टने कधीच काढली नव्हती, आणि -एफने ते अपयश रोज रात्री झाकलं होतं. आवक फुगत चालल्याचं सगळ्यांना दिसत होतं, पण 'काम वाढलंय' असा त्याचा अर्थ लावला गेला. आणि नाव बदलल्याने फाइलची एमटाइम, म्हणजे मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ, बदलत नाही. त्यामुळे नाव नवं असलं तरी स्क्रिप्टच्या दृष्टीने ती जुनीच फाइल होती आणि त्याच रात्री यादीत आली.

आरएमला हे कळत कसं नाही?

टीमच्या बैठकीत हा प्रश्न आला आणि तो रास्त आहे. युनिक्समध्ये तारा उलगडण्याचं काम शेलचं आहे. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत तर त्यासाठी `/ईटीसी/ग्लॉब` नावाचा वेगळाच प्रोग्रॅम होता. पुढे ते काम शेलच्या पोटात गेलं आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या बॉर्न शेलने घालून दिलेली रीत आजची बहुतेक शेलं थोड्याफार फरकाने पाळतात. प्रत्येक कमांडला वेगळं शिकवावं न लागता सगळ्यांना वाइल्डकार्ड मिळतात, हा त्याचा मोठा फायदा. पण आरएमला तारा कधी दिसतच नाही. त्याला नावांची तयार यादी मिळते आणि ती माणसाने टंकली की ताऱ्यातून आली, हे समजायला वाव नसतो. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये उलट आहे: तिथे नमुना प्रोग्रॅमच्या हाती जातो आणि त्याने तो आपल्या परीने उलगडायचा.

कोणते पर्याय तोलले

पहिली सूचना अर्थातच `"$फाइल"` असे डबल कोट घालण्याची होती. सूचना योग्य, पण अपुरी. निम्मी दुरुस्ती काय करते ते आम्ही नकली फोल्डरात करून पाहिलं. आरएमपाशी कोट घातले तरी फॉरच्या यादीतला तारा उलगडतोच, आणि आता कोटांमुळे स्पेसवाली नावंही पहिल्याच फेरीत अखंड आरएमकडे जातात. फोल्डर तितकाच रिकामा झाला. कोट घालणं हा नियम म्हणून मी कुणालाही शिकवेन, पण इथे रोग आधीच्या टप्प्यावर होता: नावांची यादी एका सलग मजकुरात ओतली, की नाव कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ही माहिती तिथेच हरवते.

दुसरा पर्याय: `सेट -एफ` देऊन वाइल्डकार्ड बंद करायचं आणि आयएफएसमध्ये, म्हणजे शेलने कुठल्या चिन्हांवर तुकडे पाडायचे त्या यादीत, फक्त नवी ओळ ठेवायची. यात स्पेस आणि तारा दोन्ही निभावतात. नावात नवी ओळ आली की पुन्हा तेच. शिवाय पुढे कुणी त्याच स्क्रिप्टमध्ये साधा तारा वापरला तर तो का चालत नाही हे शोधत बसेल.

तिसरा पर्याय `फाइंड … -प्रिंट०` आणि त्यापुढे, आलेली नावं दुसऱ्या कमांडला देणारं `एक्सआर्ग्स -०`. फाइंडने छापलेल्या पत्त्यात तिरपी रेघ असतेच, म्हणून त्यात येऊच शकत नाही असा एकच बाइट उरतो, शून्य बाइट. तोच विभाजक म्हणून वापरायचा. ही रीत भक्कम आहे. जीएनयू आणि बीएसडी घराण्यांत ती फार वर्षं आहे आणि २०२४ च्या पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात अधिकृतपणेही आली.

चौथा, फाइंडलाच काम सांगायचं: `-एक्झेक … {} +`. इथे नावं मजकूर बनतच नाहीत, थेट कमांडचे स्वतंत्र घटक म्हणून जातात. कमांडच्या लांबीला मर्यादा असते. ती ओलांडू नये इतपत गठ्ठे फाइंड आपणच पाडतो. मला हा मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो. `-डिलीट` त्याहून आखूड आहे, पण त्यात एक खड्डा आहे. फाइंडच्या अटी डावीकडून उजवीकडे तपासल्या जातात, आणि कुणी चुकून `-डिलीट` आधी आणि `-नेम` नंतर लिहिलं तर अट बघण्यापूर्वीच सगळं काढलं जातं. नुकत्याच पोळलेल्या टीमच्या हाती ते देणं मला प्रशस्त वाटलं नाही.

पाचवा पर्याय काहींना फार आवडला होता: चढवतानाच नावं 'स्वच्छ' करायची. स्पेसच्या जागी खालची रेघ, तारा आणि प्रश्नचिन्ह गायब, देवनागरीचं रोमन लिप्यंतर. मी याला विरोध केला. त्या ताऱ्यात माहिती होती. शिवाय लिप्यंतरात वेगळी नावं एकसारखी होऊन एकमेकांवर चढण्याचा धोका खरा आहे. दुरुस्ती जिथे नावं हाताळली जातात तिथे व्हायला हवी.

काय केलं

नवी ओळ अशी झाली:

`सीडी /डेटा/आवक || एक्झिट १`
`फाइंड . -टाइप एफ -नेम '*.वेव्ह' -सीटाइम +३० -एक्झेक एमव्ही -एन -टी /डेटा/हटवण्याआधी -- {} +`

फाइंडलाच काम सांगणं आणि `-टाइप एफ`ने शोध साध्या फाइलींपुरता ठेवणं सोडून यात चार बदल आहेत. पहिला `|| एक्झिट १`: जुन्या स्क्रिप्टमध्ये सीडी फसली असती तर बाकीचं काम जिथे असेल त्या फोल्डरात झालं असतं. दुसरा, काढण्याऐवजी त्याच फाइल सिस्टिमवरच्या 'हटवण्याआधी' या फोल्डरात हलवणं. -एनमुळे एकाच नावाच्या दोन फाइली आल्या तर दुसरी जागच्या जागी राहते. तिसरा, दोन आडव्या रेघा: यापुढे पर्याय नाहीत, फक्त नावं. फाइंड प्रत्येक नावाआधी `./` लावतो, त्यामुळे इथे त्यांची गरज नव्हती, पण ओळ उद्या दुसरीकडे उचलली जाईल तेव्हा पडेल.

चौथा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो: एमटाइमऐवजी सीटाइम, म्हणजे फाइलबद्दलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ. एमटाइम बाहेरून ठरवता येते. चढवणाऱ्या प्रोग्रॅमने मूळ वेळ जपली तर काल आलेली फाइलही जुनी दिसू शकते. सीटाइम सर्व्हर स्वतः लिहितो आणि नाव बदललं की ती बदलते. म्हणजे ज्या फाइलीला कुणी अलीकडे हात लावला तिला आपोआप मुदतवाढ मिळते. दुसरं म्हणजे, फाइल 'हटवण्याआधी'मध्ये हलवली की तो क्षणच तिची नवी सीटाइम. तिथे दुसरी एक ओळ `-सीटाइम +७` पाहून कायमचं काढते, आणि ते दिवस हलवल्यापासून मोजले जातात. एमटाइम ठेवली असती तर पहिल्याच रात्री सगळं काढलं गेलं असतं.

मग चाचणी. एका रिकाम्या फोल्डरात मुद्दाम वाईट नावं तयार केली: दोन स्पेस लागोपाठ, शेवटी स्पेस, नुसता तारा, चौकटी कंस, एकेरी अवतरणचिन्ह, मधे नवी ओळ, `-आरएफ`. स्क्रिप्ट चालवण्याआधी `प्रिंटएफ '<%एस>\एन' *` ने प्रत्येक नाव कोनी कंसांत छापून पाहिलं. इकोने हे भागत नाही. तो सगळं एका स्पेसने जोडतो आणि कुठलं नाव कुठे संपतं ते कळत नाही. टर्मिनलवर एलएस मदत करतो: जीएनयू कोअरयुटिल्सच्या २०१६ मधल्या ८.२५ आवृत्तीपासून तो अशी नावं अवतरणचिन्हांत दाखवतो. नवी स्क्रिप्ट या फोल्डरातून सुखरूप गेली.

चाचणीत हाती लागलेली आणखी दोन प्रकरणं

त्याच फोल्डरात टीमच्या बाकीच्या स्क्रिप्टही सोडल्या. आठवड्याचा गठ्ठा बांधणारी एक ओळ होती: `टार -सीझेडएफ ../आठवडा.टार.जीझेड *`. इथे तुकडे पडण्याचा प्रश्न नाही. तारा उघडा आहे आणि नावं अखंड जातात. पण आडव्या रेघेने सुरू होणारं नाव टारला पर्याय वाटतं. जीएनयू टारला `--चेकपॉइंट-ॲक्शन=एक्झेक=` असा एक पर्याय आहे, जो मधेच कुठलीही कमांड चालवू शकतो. म्हणजे ज्याला फक्त फाइली चढवण्याचा अधिकार आहे त्याने दोन-तीन विशिष्ट नावांच्या फाइली चढवल्या, की क्रॉनच्या अधिकाराने त्याची कमांड सर्व्हरवर चालणार. हे काम मशीनच्या मुख्य खात्यावरून चालत होतं. फाइली गेल्या त्यापेक्षा हे कितीतरी गंभीर होतं. ताऱ्याऐवजी `./*` लिहिलं, कारण तिरप्या रेघेआधी टिंब आलं की नाव पर्याय वाटूच शकत नाही. आणि काम कमी अधिकाराच्या खात्यावर नेलं.

दुसरं प्रकरण देवनागरीचं. `सत्र-??.वेव्ह` हा नमुना टर्मिनलवर `सत्र-१४.वेव्ह` ला जुळे, क्रॉनमधून जुळत नसे. क्रॉनच्या तुटपुंज्या परिसरात लोकेल (भाषा आणि अक्षरं कशी वाचायची याची मांडणी) 'सी' असतं आणि बॅश हे शेल तिथे प्रश्नचिन्हाला एक बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं, म्हणून त्या दोन अंकांना तिथे ६ प्रश्नचिन्हं लागतील. (नावाची २५५ बाइटांची मर्यादाही म्हणूनच आपल्याला ८५ चिन्हांवर येते, आणि काना-मात्रा त्यात वेगळ्या मोजल्या जातात.) स्क्रिप्टच्या सुरुवातीला यूटीएफ-८ लोकेल ठरवून दिलं आणि प्रश्न मिटला. मिटला नाही तो 'दऱ्या' या शब्दाचा: तोच शब्द पायमोडक्या ऱ ने आणि शून्य-रुंदी जोडकाने (न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह) असा दोन प्रकारे टंकला जातो, पडद्यावर हुबेहूब सारखा दिसतो, पण शेलच्या लेखी ती दोन वेगळी नावं. वाइल्डकार्ड यावर काही करू शकत नाही.

निष्पत्ती

साप्ताहिक प्रतीतून बहुतेक मुद्रणं परत आली. त्यानंतर चढवलेल्यांतली बरीचशी रेकॉर्डरांच्या कार्डांतून मिळाली. उरलेल्यांसाठी डिस्कची प्रतिमा काढून तिच्यावर फोटोरेक हे काढलेल्या फाइली शोधणारं साधन चालवलं. फाइल काढताना एक्स्ट४ तिच्या तुकड्यांचे पत्ते पुसतं, त्यामुळे नावानिशी परत मिळण्याची आशा नव्हती; पण वेव्हच्या शीर्षभागात लांबी लिहिलेली असते, म्हणून सलग पडलेली मुद्रणं ओळखता येतात. काही सापडली, निनावी. संपादकांनी आवाज ऐकून त्यांना नावं दिली. ज्याचं कार्ड पुसलं गेलं होतं त्याच्या मुद्रणाचा अर्धाच भाग मिळाला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त इशारा -एफने गिळला होता. ते अक्षर नसतं तर पहिल्याच आठवड्यात 'अशी फाइल नाही' अशी टपालं येऊ लागली असती. स्क्रिप्टमध्ये -एफ घालण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रश्न विचारत थांबू नये. पण क्रॉनमध्ये समोर टर्मिनल नसल्याने आरएम तसाही विचारत नाही. टपालपेटीही आता खऱ्या माणसाच्या पत्त्यावर जोडली आहे.

आरसिंकच्या --डिलीटने प्रतीला मूळची सावली बनवलं होतं. आता प्रत्येक फेरीत काढल्या गेलेल्या फाइली --बॅकअप-डिरमधून तारखेच्या फोल्डरात जातात. कार्ड न पुसण्याचा निरोप पहिल्या दहा मिनिटांत जायला हवा होता. तो आता आणीबाणीच्या कागदावर दुसऱ्या क्रमांकावर आहे, बॅकअप थांबवण्याच्या लगेच खाली.

शेलचेक हे तपासणीचं साधन आधी वापरलं असतं, तर फाइंडच्या छापणीवर फॉर चालवण्याबद्दल, `$फाइल` भोवती कोट नसल्याबद्दल आणि टारच्या उघड्या ताऱ्याबद्दल, तिन्हींवर त्याने बोट ठेवलं असतं.

नावांबद्दलचा वाद अर्ध्यावर सुटला. चढवणीच्या दारात आता नियंत्रण-अक्षरं आणि सुरुवातीची आडवी रेघ नाकारली जाते, कारण स्पष्ट सांगून. स्पेस, तारा आणि देवनागरी चालते. बाकीच्या स्क्रिप्टमध्ये `$(फाइंड` आणि `$(एलएस` शोधून यादी केली आहे: काहीही काढणाऱ्या आणि मुख्य खात्यावर चालणाऱ्या आधी दुरुस्त झाल्या, नुसते अहवाल छापणाऱ्या अजून बाकी आहेत.